दुबईच्या घड्याळातली हळद

माझा नवरा जीवन समुद्रावर असतो आणि तिथून आमचं घर चालवतो, असा त्याचा समज आहे. आखातात तेलाच्या विहिरींना माल पोचवणारी एक बोट आहे, तिच्यावर तो फिटर. सहा महिने तिकडे, दोन महिने इकडे. इकडे असला की पंख्याखाली झोपतो, आणि तिकडे गेला की त्याला घराची काळजी लागते. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, हा बोटीवरून हाकतो.

मी नूतन. उरणहून करंजाकडे जाताना रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि पडवीत माझं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि जुन्या मोबाईलमधलं सगळं नव्यात घालून देणे. या शेवटच्या कामात उरण तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

घरात तिसरी माझी सासू, सगुणा. आमच्यात सासूला अहो-जाहो करत नाहीत, आई म्हटलं की तू. आई धवलारीण आहे. आगरी लग्नात भटजी असतोच, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले गाते, एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाचं आवतन देते, आणि तिनं गायल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. ऐंशीच्या वर देव आहेत. क्रम चुकला किंवा एखादा राहिला तर तो रुसतो. देव झाले तरी शेवटी नातेवाईकच.

आईला अक्षर येत नाही. हे सगळं तिच्या तोंडात आहे आणि चाळीस वर्षं आहे. चाळीस वर्षांत ती एकाही हळदीला उशिरा पोचली नव्हती. सासरा वारला त्याच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी ती चाणज्याला गाऊन आली होती. लोक तिला गाण्यासाठी बोलावतात हे खरं, पण त्याहून जास्त ती शब्दाची पक्की म्हणून बोलावतात. सगुणा म्हणाली येते, म्हणजे ती आली.

दोन वर्षांपूर्वी जीवननं आईला एक फोन आणला आणि त्याच कंपनीचं एक सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर घातलं. त्यानं बोटीवर बसून लॅपटॉपात तारीख टाकली की इथे आईच्या फोनमध्ये रंगीत पट्टी उमटायची. कंपनीचं नाव मी घेत नाही, नाहीतर त्यांचे वकील पडवीत येऊन बसायचे आणि त्यांना चहा मलाच करावा लागायचा. त्या सॉफ्टवेअरची खोड अशी, की ते फक्त स्वतःच्या फोनशी बोलायचं. माझ्या फोनशी नाही, दुकानातल्या कॉम्प्युटरशी नाही. मी जीवनला म्हटलं, “तारखा मी टाकते, मी घरात आहे.” तर म्हणाला, “तुझ्याकडे ते सॉफ्टवेअर चालत नाही.” असं म्हणताना त्याला जो आनंद झाला, तो मला दोन हजार किलोमीटरवरून ऐकू आला.

त्याआधी आई सगळ्या तारखा डोक्यात ठेवायची. मीच तिला म्हटलं, “आई, कशाला डोक्याला ताप? डोकं गाण्याला ठेव, तारखा आम्ही सांभाळतो.” तिनं मुकाट्यानं ऐकलं. सासूनं सुनेचं मुकाट्यानं ऐकलं, तिथेच मला संशय यायला हवा होता. पण मी माझ्याच शहाणपणावर खूश होते.

आणि खरंच सगळं नीट चाललं. पट्टी दोन दिवसांवर उमटायची. पहिला दिवस हळद, दुसरा दिवस लग्न. मला वाटलं, नवऱ्यानं आयुष्यात एकदा तरी डोकं लावलं. मी आईला आदल्या दिवशी सांगायची, “उद्या नागावची हळद,” आणि आई पिशवी भरायची.

मग यंदा मे महिन्यात कंपनीचा निरोप आला, की ही सेवा एकतीस तारखेपासून बंद. आपला डेटा उतरवून घ्या, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार. साथ म्हणे. एकोणीस तारखेला, शनिवारी, जेवणं झाल्यावर मी आईचा फोन कॉम्प्युटरला लावला. दुकानात गिऱ्हाईक असलं की फोन वाजलेला मला खपत नाही, म्हणून आवाज बंद केला. आई आत आडवी झाली होती.

सगळ्या तारखांची मिळून एकच फाईल निघाली. ती बघून मला बरं वाटलं, कारण ती ओळखीची होती. म्हणजे त्या कंपनीची खासगी नव्हे, सगळ्यांची. सांगते. जगातल्या काही शहाण्या लोकांनी फार पूर्वी एकत्र बसून ठरवलं, की फोन कुठलाही असो, कॉम्प्युटर कुठलाही असो, तारीख लिहायची ती या एका पद्धतीनं, म्हणजे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईल. आणि ते नियम उघड्यावर ठेवले, फुकट, कुणीही वाचा. कुणाच्या बापाची मालकी नाही. फोनमधल्या नंबरांसाठी तसा एक नियम, तारखांसाठी एक. माझं अर्धं दुकान या दोन नियमांवर चालतं. त्या फाईलला कुलूप नसतं. साधी अक्षरं असतात, वहीसारखी वाचता येते.

म्हणून मी ती उघडून वाचली. किती हळदी आहेत ते मोजायचं होतं, बाकी काही नाही. बारा होत्या. पण प्रत्येकीच्या तारखेपुढे वेळ लिहिली होती, रात्रीचे बारा ते दुसऱ्या रात्रीचे बारा. आणि वेळेच्या आधी गाव लिहिलं होतं, दुबई.

मी म्हटलं, आगरी हळदीत दुबई कुठून आली? मग ट्यूब पेटली. जीवनच्या लॅपटॉपचं घड्याळ तिकडचं, आपल्याहून दीड तास मागे. तिकडे रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे दीड. त्यानं तिकडे एक दिवस लिहिला, तो इकडे पहाटे दीडला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे दीडला संपायचा. म्हणून दोन दिवसांवर पट्टी. नवऱ्यानं डोकं वगैरे काही लावलं नव्हतं, त्यानं एकच दिवस टाकला होता. आणि आमच्याकडे लग्न दोन दिवसांचंच असतं, त्यामुळे ती चूक आमच्या मांडवात शोभून दिसली.

नियमात याची सोय आहे, हेच मला जास्त लागलं. सबंध दिवस लिहायचा तर वेळ घालूच नका, नुसती तारीख लिहा, मग ती दुबईत वाचा नाहीतर दिघोड्यात, तीच राहील. उघड्यावर लिहून ठेवलंय. कंपनीनं वाचलं नाही. एवढे इंजिनिअर पोसतात आणि एक पान वाचत नाहीत.

पण मग आजवर चुकलं कसं नाही? तर आई जीवनला फोनवर तारीख सांगायची ती नेहमी हळदीची. तिचं काम हळदीपासून सुरू, तिला लग्नाच्या तारखेशी काय करायचंय. हळदीच्या तारखेवर पट्टी सुरू, लग्नावर संपली, सगळं बरोबर. कुणी दुसऱ्यानंच लग्नाची तारीख सांगितली असती तर घोटाळा झाला असता. हे मनाशी म्हणता म्हणता मला आठवलं, एक तारीख दुसऱ्यानंच सांगितली होती.

ती रेवसची. खाडीपलीकडे रेवसजवळच्या गावात काशीबाय राहते. आईला धवले शिकवले ते काशीबायनं. आई नवी नवरी होती, सासूचा जाच होता, तेव्हा काशीबायनं तिला मांडवामांडवातून सोबत नेलं आणि माणसात आणलं. तीन वर्षांपूर्वी काशीबायला झटका आला आणि वाचा गेली. गाणं तर सोडाच, पाणी मागता येत नाही. तेव्हा आई तिच्या उशाशी बसून म्हणाली होती, “काशीबाय, तुझ्या नातीची हळद मी गाईन. मेले तरच चुकेन.” त्या नातीचं, मृणालीचं, लग्न ठरलं तेव्हा काशीबायच्या मुलानं, रामचंद्रनं, थेट बोटीवर जीवनला फोन करून तारीख कळवली होती.

मी जीवनला फोन लावला. नशीब लागला. “मृणालीची जी एंट्री टाकलीस, ती हळदीची का लग्नाची?”

“लग्नाची. वीसला लग्न बोलला रामचंद्र. का?”

माझ्या हिशेबानं वीसला हळद होती. मी देव्हाऱ्याकडे धावले. पत्रिका कधीच आली होती, पण आमच्याकडे पत्रिका देवापुढे ठेवतात, आणि देवापुढची पत्रिका देव वाचतो, बाकी कुणी नाही. कुंकवात माखलेली ती पत्रिका मी उघडली. हळदी समारंभ, शनिवार, एकोणीस. आज. आणि घड्याळात पावणेतीन वाजले होते.

आईच्या फोनवर रामचंद्रचे सहा कॉल येऊन गेले होते. आवाज मीच बंद केला होता.

मी त्याला फोन केला. मागे मांडवाचा गलका ऐकू येत होता. “वहिनी, कुठं हाव तुमी? नवरी पाटावर बसलीय. आय हळदीची वाटी मांडीवर घेऊन बसलीय, कुणाला हात लावू देत न्हाय. सदाकाका म्हणतो पाच वाजेपर्यंत थांबू, मग डीजेवाल्याकडं धवल्यांचा पेन ड्राइव्ह हाय, तो लावू.”

“निघालो,” मी म्हटलं, आणि आत जाऊन आईला उठवलं. कसं सांगायचं याचा विचार केला असता तर सांगितलंच नसतं, म्हणून एका दमात सांगून टाकलं. दुबई, दीड तास, पट्टी, मी, जीवन, सगळं. आईला त्यातलं कळलं एवढंच, की हळद आज आहे. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं शिव्या घालेल. तिनं लुगडं बदललं नाही, केस विंचरले नाहीत, पिशवी उचलली आणि म्हणाली, “चल.” शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

करंजाच्या धक्क्यावर पोचलो तर ओहोटी. लाँच धक्क्याला टेकून झोपलेली आणि तिच्यावरचा गुणाजी तिच्यात झोपलेला. त्याला हलवलं. “लाँच आता पाचला,” तो म्हणाला. “पल्याड पाणी न्हाय.”

“तुझी होडी हाय ना?” आई म्हणाली.

“हाय. पन जेट्टीला लागनार न्हाय, चिखलात उतरावं लागंल. तुझं वय काय, धवलारीण?”

“तुझ्या लग्नात गायले तवा वय इचारलं व्हतंस? काढ होडी.”

गुणाजीनं काढली. खाडीत मी आईसमोर बसले होते आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. वाऱ्यानं, असं मी ठरवलं होतं. मला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, आणि त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. मी म्हटलं, “आई, माझ्यामुळं झालं.” ती पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत होती. म्हणाली, “पाच वाजले का?” साडेतीन वाजले होते.

रेवसच्या अलीकडे होडी रुतली. तिथून कोरड्या जमिनीपर्यंत गुडघाभर चिखल. आईनं लुगडं खोचलं, पिशवी डोक्यावर घेतली आणि सासष्टाव्या वर्षी त्यात पाय घातला. मी मागून. माझी एक चप्पल त्या चिखलात आहे, कुणाला सापडली तर ठेवून घ्या. मध्येच आईचा पाय फसला, ती कमरेपर्यंत बसली, तिला वर काढता काढता मीपण बसले. गुणाजी होडीतून उपदेश करत होता. बाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला. रिक्षावाल्यानं आधी आमच्याकडे बघितलं, मग आपल्या सीटकडे, मग गोणपाट घालून बसवलं.

मांडवात शिरलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. डीजे चालू होता. कुठल्यातरी बाईच्या आवाजातले धवले, खाली ढोल-ताशाचा ठेका, खांब हादरत होते. मृणाली पाटावर बसून रडत होती. तिच्याशेजारी खुर्चीत काशीबाय. एक हात लुळा, दुसऱ्या हातानं वाटी पोटाशी धरलेली आणि चार बायका तिची समजूत काढतायत. तिनं वाटी सोडली नव्हती.

आम्हाला बघून डीजे थांबला. आम्ही दोघी कमरेपर्यंत काळ्या. सदाकाका, म्हणजे काशीबायचा धाकटा दीर, पुढे आला. पेन ड्राइव्हची कल्पना त्याचीच. “सगुणाबाय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “चाळीस वर्सांत तू कवा चुकली न्हायस. आज आमच्याच घरी चुकलीस. काय झालं?”

दोनशे माणसं ऐकत होती. त्यात उरणची होती, अलिबागची होती, पुढच्या महिन्यात ज्यांच्या हळदी आईनं घेतल्या होत्या तीही होती. मी मान खाली घातली. आता माझं नाव येणार, येऊ दे, माझीच चूक आहे.

“इसरले,” आई म्हणाली. “म्हातारी झाले. तारीख इसरले.”

मला रागच आला. धवलारिणीनं विसरले म्हणणं म्हणजे पोहणाऱ्यानं बुडालो म्हणणं. जिच्या तोंडात ऐंशी देव क्रमानं राहतात, ती मांडवात उभी राहून म्हणते विसरले. मी पुढे झाले आणि मोठ्यानं म्हटलं, “ती विसरली नाही. तारीख माझ्याकडे होती. लॅपटॉपचं घड्याळ दुबईचं होतं, त्यानं वीस तारीख पहाटे दीडला सुरू केली, म्हणून पट्टी दोन दिवसांवर पडली, आणि मी लग्नाच्या दिवसाला हळद समजले. आईचा काही संबंध नाही.”

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मागून कुणीतरी हसलं. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “सून चांगली हाय गो. सासूला सांभालून घेते.” सदाकाकानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “राहू दे पोरी, वय झालं की होतं असं.” आयुष्यात एवढं खरं मी एका दमात कधी बोलले नव्हते आणि कुणी एक अक्षर धरलं नाही.

काशीबायनं तेवढ्यात पोटाशी धरलेली वाटी पुढे केली. आई तिच्या पायाशी चिखलासकट बसली. काही माफी वगैरे मागितली नाही. वाटी घेतली, डोळे मिटले आणि गायला लागली. देव एकामागून एक येत गेले. काशीबायचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, नुसते, आवाज नाही. एकदाही आई अडली नाही, पण लोक आता वेगळंच ऐकत होते. कुठे अडते का, ते ऐकत होते. चाळीस वर्षांत तिला असं कुणी ऐकलं नव्हतं. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला त्या सगळ्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी लग्न लावून आम्ही लाँचनं परतलो. लाँचमध्ये मी विचारलं, “विसरले का म्हणालीस?”

“मग काय म्हणू? सुनेनं तारीख चुकवली? लोक फॉर्म भरायला तुझ्याकडं येतात, लेकरांच्या शाळेचे, नोकरीचे. उद्या म्हणतील हिनं सासूची तारीख चुकवली, आपली काय नीट भरेल? तुला अजून तीस वर्सं बसायचंय त्या खुर्चीत. मी अजून गाईन तीन, नायतर चार.”

घरी आल्यावर सगळ्या हळदी नव्यानं लिहिल्या, नुसत्या तारखा, वेळ नाही, दुबई नाही. आईला साधा नवा फोन घेतला, ती फाईल त्यात घातली, माझ्यात घातली, आणि ज्या ज्या घरच्या हळदी होत्या त्यांना धाडली. स्वस्तातला फोन असो की महागातला, सगळ्यांनी ती उघडली. जीवनलाही धाडली आणि खाली लिहिलं, वाचायला परवानगी आहे, लिहायला नाही.

पण बोभाटा आमच्याआधी खाडी उतरला होता. आठवड्यात तीन घरांनी कळवलं, की आजींना आता त्रास नको, आम्ही दुसरी सोय केलीय. आवाज सगळ्यांचे गोड. मी प्रत्येकाला दुबईपासून समजावलं. प्रत्येकानं “हो हो” म्हणून फोन ठेवला. आई पडवीत बसून हे ऐकत होती.

चौथा फोन केगावच्या गणराजचा. ट्रेलरचा धंदा आहे, बहिणीची हळद अठ्ठावीसला. मी स्पीकरवर ठेवून तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं हात पुढे केला आणि फोन घेतला.

“आजी, राग मानू नका,” गणराज म्हणाला. “तुम्हाला आता विसरायला होतं असं ऐकलं.”

“होतं रे बाबा,” आई म्हणाली. “लय इसरायला होतं. तुझ्या बापाच्या हळदीला मीच व्हते. वैशाख व्हता, मंगळवार. नवरदेव पाटावरनं उठला नि मोऱ्याच्या धक्क्यावर पळाला, भाऊच्या धक्क्याची लाँच पकडायला. का पळाला, इसरले. लाँचवर कोन पोरगी बसली व्हती, कुनाची, तिचं नाव काय, इसरले. आमी तिघींनी त्याला धरून आनला नि तुझ्या आयला सांगितलं, बाय, पोटात कळ आली म्हनून गेलता. कोन तिघी, ते पन इसरले. हे सगलं मी इसरून बसलेय, गणराज, म्हनून तर तुझी आय सुखानं नांदली.”

पलीकडे गणराजनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“आजी,” गणराज म्हणाला, “अठ्ठावीसला गाडी किती वाजता पाठवू?”